हातात काय आहे ते आधी बघा: कल्पनांच्या मूर्ती वाचायला शिकताना

मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनच्या घुमटावर उभी असलेली बाई कोण? भाचीने हा प्रश्न विचारला तेव्हा ती सहावीत होती आणि आम्ही महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर बसची वाट बघत होतो. मी ठोकून दिलं, "राणी व्हिक्टोरिया." भाची मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, राणीच्या हातात चाक कशाला?"

मला उत्तर आलं नाही. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की राणीचा पुतळा खाली घड्याळाजवळच्या कोनाड्यात होता, तो स्वातंत्र्यानंतर हलवला गेला आणि कोनाडा आजही रिकामा आहे. घुमटावरची बाई म्हणजे कुणी माणूसच नव्हे. ती 'प्रगती' आहे. थॉमस अर्प या शिल्पकाराने घडवलेली. उजव्या हातात उंच धरलेली मशाल, डाव्या हातात आरे असलेलं चाक. रेल्वे कंपनीला स्वतःबद्दल जे सांगायचं होतं ते तिने एका बाईच्या दोन हातांत देऊन टाकलं होतं, आणि मी वीस वर्षं त्याच स्टेशनातून ये-जा करत असूनही तिच्या हातांकडे कधी पाहिलं नव्हतं.

डोळ्यांना न दिसणारी गोष्ट, म्हणजे न्याय, मोह, लोभ, विद्या, मृत्यू, देश, प्रगती, माणसाच्या रूपात उभी करणं याला मानवीकरण म्हणतात. शाळेत चेतनगुणोक्ती अलंकार शिकलेले लोक म्हणतील, हे माहीत आहे. पण तिथे बहुतेक वारा कुजबुजतो, डोंगर पांघरूण घेतो. वारा आणि डोंगर मुळात आहेतच, कवी त्यांना फक्त माणसासारखं वागवतो. इथे जे मुळात दिसतच नाही त्याला नाक, डोळे, कपडे, नातेवाईक आणि कधीकधी नोकरीसुद्धा द्यायची असते. अमूर्ताची मूर्ती करायची असते.

या मूर्ती देवळात, पुराणात, कोर्टाच्या छपरावर, नोटा-नाण्यांवर, दिवाळीच्या रात्री आपल्याच ओटीवर, सगळीकडे आहेत. त्या वाचायला कसं शिकायचं, ते मी ज्या क्रमाने शिकलो त्याच क्रमाने सांगतो. एक साधी वही घ्या. पानावर सहा रकाने आखा: कोण, हातात, पायाशी, लिंग, नातं, कुणी बसवली. एका पायरीला एक रकाना.

पायरी पहिली: हे माणूस आहे, नमुना आहे की कल्पना?

सुरुवात इथून केली नाही तर पुढचं सगळं घसरतं. महापालिकेच्या इमारतीसमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. ते होऊन गेलेले गृहस्थ. नाव, जन्म, मृत्यू सगळं ठाऊक. त्यांच्याच डोक्यावर, इमारतीच्या दर्शनी त्रिकोणात एक पंखवाली आकृती आहे. ती खुद्द मुंबई शहर आहे, 'अर्ब्स प्रायमा इन इंडिस', म्हणजे हिंदुस्थानातलं पहिलं शहर. खाली माणूस, वर कल्पना. इमारत 1893ची, आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा. समोरचं स्टेशनही त्याचंच.

या दोहोंच्या मधली एक जात असते, तिला मी नमुना म्हणतो. राजाबाई टॉवरवर 24 पुतळे आहेत, पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे. ते कुणी ठरावीक गृहस्थ नाहीत, पण कल्पनाही नाहीत. त्या त्या पोशाखातला, त्या त्या पगडीतला माणूस कसा दिसतो याचे ते नमुने आहेत. हुतात्मा चौकातल्या स्मारकावरचे शेतकरी आणि कामगार हेही नमुनेच. त्यांच्या हातात मशाल आहे म्हणून घाईने त्यांना 'क्रांती' किंवा 'एकजूट' असं नाव देऊ नका. मशाल कल्पना सांगते, माणसं मात्र माणसंच आहेत.

एक सोपी कसोटी आहे. नावाच्या आधी 'थोडासा' लावून बघा. थोडासा न्याय, थोडी प्रगती, थोडा मोह, थोडी शांती: चालतं. थोडे फिरोजशहा चालत नाही. ज्याचं माप कमीजास्त होऊ शकतं ती कल्पना. ही कसोटी दर वेळी चालेलच असं नाही (थोडी मुंबई? कोण जाणे), पण सुरुवातीला पुष्कळ गोंधळ वाचवते.

पायरी दुसरी: चेहरा सोडा, हात बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. कल्पनेला चेहरा असतो, पण तो कुणाचाच नसतो. शिल्पकार कुठलाही देखणा चेहरा बसवून मोकळा होतो. ओळख असते ती हातात. मूर्तिशास्त्रात याला आयुध किंवा लांछन म्हणतात. साध्या भाषेत खूण.

हे कसं वाचायचं याचा उत्तम धडा मराठीत सातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे आणि आपण तो 'ओम नमो जी आद्या' म्हणत पाठही करतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात ज्ञानेश्वर गणपतीचं वर्णन करतात. पण तो गणपती म्हणजे सगळं वाङ्मय आहे, शब्दब्रह्म आहे. मग ते एकेक अवयव घेतात आणि तो काय आहे ते सांगत जातात. सहा दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा, हे त्याचे सहा हात. हातात शस्त्रं का? ज्ञानेश्वर म्हणतात, 'म्हणौनि विसंवादें धरिती आयुधें हातीं'. दर्शनांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून प्रत्येक हातात आयुध! पुढे, 'तरी तर्कु तोचि फरशु, नीतिभेदु अंकुशु'. तर्क ही कुऱ्हाड, कारण तो छाटतो. न्यायशास्त्रातला भेद हा अंकुश, कारण तो आवरतो. वेदान्त हा मोदक, कारण आत रस आहे. अठरा पुराणं म्हणजे अंगावरचे मण्यांचे दागिने. ॐमधला अकार पाय, उकार पोट, मकार मस्तक.

या ओव्या एकदा खूण म्हणून नव्हे, तर युक्तिवाद म्हणून वाचा. दर वेळी ज्ञानेश्वर 'हे म्हणजे ते' एवढ्यावर थांबत नाहीत. वस्तू काय काम करते ते बघतात आणि ते काम कल्पनेला लावतात. हीच किल्ली. हातातली वस्तू दिसली की विचारायचं: ही वस्तू रोजच्या वापरात काय करते? तराजू तोलतो. तलवार तोडते. चाक पुढे नेतं. मशाल अंधारात वाट दाखवते, आणि आगही लावते.

शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं. खुणेचा एकच अर्थ असतो असं धरून चाललात तर फसाल. सीएसएमटीवरच्या प्रगतीच्या हातात मशाल आहे. न्यूयॉर्कच्या बंदरात 1886 साली उभी राहिलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या हातातही मशालच. हुतात्मा चौकातही मशालच. पहिलीत मशालीच्या जोडीला चाक आहे, दुसरीच्या दुसऱ्या हातात तारीख कोरलेली पाटी आहे, तिसरीत ती शेतकरी-कामगारांनी धरली आहे. शेजार बदलला की अर्थ बदलतो. म्हणून वहीत 'हातात' या रकान्यात नेहमी दोन्ही हात लिहा. एकच हात लिहिलात तर अर्धंच वाचलंत.

युरोपातल्या चित्रकारांनी या खुणांचा कोशच केला होता. चेझारे रिपा नावाच्या इटालियन गृहस्थाने 1593 साली रोममध्ये अशा कल्पनामूर्तींची यादी छापली: कोणत्या गुणाला कोणता रंग, कोणता प्राणी, हातात काय. 1603च्या आवृत्तीत चित्रंही आली आणि पुढे पिढ्यानपिढ्या शिल्पकारांनी त्यातून उचल केली. आपल्याकडे हे काम शिल्पग्रंथ आणि ध्यानश्लोक करत आले आहेत. 'या कुन्देन्दुतुषारहारधवला' म्हणताना आपण सरस्वतीची प्रार्थना तर करतोच, पण मूर्तिकाराला सूचनाही वाचून दाखवत असतो: रंग पांढरा, वस्त्र पांढरं, हातात वीणा, आसन पांढरं कमळ.

पायरी तिसरी: मग पायाशी वाका

हातात जे असतं ते कल्पनेचं बळ. पायाशी बहुधा तिचा शत्रू किंवा तिची अवस्था असते. नटराजाच्या पायाखाली एक बुटका दाबलेला दिसतो. तो अपस्मार: विस्मृती, अज्ञान. बारकाईने बघितलंत तर दिसेल की तो मेलेला नसतो. अंग वाकवून, मान वर करून तो जिवंत असतो, फक्त दाबलेला. मूर्तिकाराला अज्ञान संपवायचं नाही, आटोक्यात ठेवायचं आहे. स्वातंत्र्यदेवतेच्या पायाशीही तुटलेली साखळी आहे. खालून बघणाऱ्याला ती दिसत नाही, म्हणून बहुतेकांना ठाऊक नसते.

आणि पायच तुटले असतील तर? भागवताच्या पहिल्या स्कंधात परीक्षित राजाला वाटेत एक बैल भेटतो, एका पायावर कसाबसा उभा. शेजारी एक रडवेली गाय. आणि राजाचा वेष केलेला एक माणूस हातात दांडका घेऊन दोघांना मारतोय. बैल म्हणजे धर्म, गाय म्हणजे पृथ्वी, दांडकेवाला म्हणजे कली, म्हणजेच कलियुग. तप, शौच, दया आणि सत्य हे धर्माचे चार पाय; पहिले तीन मोडले, सत्याचा एक उरला आहे. परीक्षित कलीला मारायला धावतो, कली शरण येतो आणि राहायला जागा मागतो. राजा जागा देतो: जुगार, दारू, बाहेरख्याली, हिंसा. कली आणखी मागतो तेव्हा त्याला सोनं मिळतं. काळालाही भाडेकरू करून टाकणारी ही गोष्ट मला पुराणातल्या मानवीकरणांत फार आवडते. वहीत या गोष्टीचा 'पायाशी' रकाना भरताना मी नुसतं लिहिलं होतं: तीन नाहीत.

पायरी चौथी: व्याकरण विचारा

बहुतेक कल्पना बायकाच का? मला हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्यात कुठलं गूढ नाही. लॅटिन आणि संस्कृत दोन्हींत गुणवाचक नामांची मोठी फौज स्त्रीलिंगी आहे. शान्ति, क्षमा, श्रद्धा, मेधा, कीर्ति, लज्जा. गीतेच्या दहाव्या अध्यायात कृष्ण 'स्त्रियांमध्ये मी' म्हणून जी यादी देतो, ती कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती आणि क्षमा अशी सगळी स्त्रीलिंगी नामंच आहेत. उलट काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे सगळे बाप्ये. विष्णूच्या मूर्तीशेजारी आयुधंही कधी माणसाच्या रूपात उभी केलेली असतात. गदा स्त्रीरूपात येते, कारण शब्द स्त्रीलिंगी.

मराठीत मात्र एक गंमत होते. 'न्याय' पुल्लिंगी. पण ज्या मूर्तीची आपल्याला ओळख झाली ती लॅटिनमधून आलेली बाई, युस्तिशिया. बाईला 'न्याय' कसं म्हणायचं? मग आपण मागे 'देवता' जोडलं आणि न्यायदेवता तयार झाली. 'स्वातंत्र्य' नपुंसकलिंगी, म्हणून स्वातंत्र्यदेवता. 'प्रगती' मुळातच स्त्रीलिंगी, तिला काही जोडावं लागलं नाही. कुठे 'देवता' चिकटलेलं दिसलं की समजा, मूर्ती बाहेरून आली आणि शब्द तिच्या मापाचा करून घेतला.

पायरी पाचवी: नातेवाईक कोण?

इथे पुराणं युरोपाच्या कितीतरी पुढे आहेत. आपल्याकडे गुण एकटे उभे राहत नाहीत. त्यांची लग्नं होतात, त्यांना पोरं होतात, आणि कुणाचं पोर कोण यातच सगळं तत्त्वज्ञान असतं.

विष्णुपुराणाच्या पहिल्या अंशात दक्षाच्या तेरा मुली धर्माला दिल्याची वंशावळ आहे. वरवर पाहिलं तर कंटाळवाणी नावं. सावकाश वाचा. धृतीचा मुलगा नियम, तुष्टीचा संतोष, शांतीचा क्षेम, कीर्तीचा यश: इथवर सरळ आहे. पण लक्ष्मीचा मुलगा कोण? दर्प. आणि पुष्टीचा? लोभ. पैसा आला की माज येतो आणि भरभराट झाली की हाव सुटते, हे त्या पुराणकाराने प्रवचन न करता जन्मदाखल्यात लिहून टाकलं. दुसऱ्या घराचीही वंशावळ तिथेच आहे: अधर्माची बायको हिंसा, त्यांचं अपत्य अनृत, म्हणजे खोटं. नातवंडांत भय आणि माया. पुढच्या पिढीत मृत्यू. मृत्यूची पोरं व्याधी, जरा, शोक, तृष्णा, क्रोध.

हीच युक्ती नाटकात कशी वापरली ते बघायचं असेल तर अकराव्या शतकातलं कृष्णमिश्राचं संस्कृत नाटक 'प्रबोधचंद्रोदय' घ्या. चंदेल राजा कीर्तिवर्म्याच्या काळातलं. रंगभूमीवर माणसं जवळजवळ नाहीतच. विवेक, महामोह, दंभ, अहंकार, श्रद्धा, शांती हीच मुख्य पात्रं. विवेक आणि महामोह सावत्र भाऊ आहेत. बाप एकच, मन. आया दोन: निवृत्तीचा विवेक, प्रवृत्तीचा महामोह. म्हणजे आतलं युद्ध हे भाऊबंदकीचं युद्ध आहे. आणि एका अंकात शांती आपल्या हरवलेल्या आईला, श्रद्धेला, शोधत दारोदार फिरते. श्रद्धा नसेल तर शांती पोरकी, हे वेगळं सांगायला लागतच नाही.

आता पुस्तकं बाजूला ठेवा आणि घरातलं बघा. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणतात. आई तिला हळदकुंकू लावते, पाटावर ठेवते, आणि त्या दिवशी तिचं नाव केरसुणी नसतं, लक्ष्मी असतं. एरवीही पाय लागला तर नमस्कार करायचा. रात्र बरीच झाली की हीच लक्ष्मी हातात घेऊन आतल्या खोलीपासून दारापर्यंत घर झाडायचं. आजी असताना पाठोपाठ सूप बडवत जायची. बाहेर काय टाकलं? कचरा नव्हे, अलक्ष्मी. लक्ष्मीची थोरली बहीण, ज्येष्ठा. बोलण्यात तिचंच नाव अक्काबाई. घरात दारिद्र्य आलं की आपण म्हणतो ना, अक्काबाईचा फेरा आला. ज्या हत्याराने थोरलीला हाकलायचं ते हत्यार म्हणजेच धाकटी! ओटीवर पेंगत बसलेल्या मला लहानपणी एवढंच कळायचं की झोपायला मिळत नाही. पण नात्याचा रकाना भरायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

भाषेतही या बायकांचं येणंजाणं चालू असतं. निद्रादेवी प्रसन्न होत नाही. एखाद्याला अवदसा आठवते. सटवाईने कपाळी जे लिहिलं ते चुकत नाही. यातली कुठली पुजली जाते आणि कुठली नुसती बोलली जाते हे ओळखणं नवख्याला अवघड जातं. मी एकच बघतो: तिच्यासमोर कुणी नारळ फोडतं का? सटवाईची पूजा पाचव्या-सहाव्या दिवशी बाळाच्या घरी होते. निद्रादेवीपुढे उदबत्ती लावलेली मी पाहिली नाही. पण ही रेघ पक्की नाही. ऋग्वेदात श्रद्धेला उद्देशून सूक्त आहे, मन्यू म्हणजे क्रोधाला उद्देशून आहे. आणि देवीमाहात्म्यात 'या देवी सर्वभूतेषु' म्हणत बुद्धी, निद्रा, क्षुधा, लज्जा, शांती अशा एकेकीला नमस्कार करत गेल्यावर शेवटी भ्रांतीलाही नमस्कार आहे. नवरात्रात आपण ते झरझर म्हणून जातो. पुढच्या खेपेस 'भ्रान्तिरूपेण'वर क्षणभर थांबा.

वेदांतल्या शब्दांचे अर्थ लावणाऱ्या यास्काने तर आपल्या निरुक्त या ग्रंथात हा वाद आधीच मांडून ठेवला आहे: देवता माणसाच्या आकाराच्या आहेत की नाहीत? दोन्ही बाजू देतो. तेव्हा आपण गोंधळलो तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पायरी सहावी: कुणी बसवली, आणि नंतर काय बदललं?

न्यायदेवतेच्या डोळ्यांवरची पट्टी घ्या. आपण शिकतो की न्याय आंधळा असतो, म्हणजे तोंड बघून निवाडा करत नाही. पण ही पट्टी मुळात कौतुकाची नव्हती. प्राचीन रोमची युस्तिशिया डोळस होती. 1494 साली बाझेलला छापलेल्या एका उपहासात्मक पुस्तकात चित्र आहे: टोपीवाला एक मूर्ख मागून येऊन न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधतोय. म्हणजे खटलेबाजीने न्यायाला आंधळं केलं अशी ती टीका. पुढच्या काही दशकांत अर्थ उलटा झाला आणि 1543 सालच्या बर्नमधल्या कारंज्यावर पट्टी बांधलेली न्यायदेवता मानाने उभी राहिली. शिवी होती ती पदवी झाली.

आणि गोष्ट तिथे संपली नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये बातमी आली की आपल्या सर्वोच्च न्यायालयात, न्यायाधीशांच्या ग्रंथालयात नवी मूर्ती बसवली आहे. साडी नेसलेली, डोक्यावर मुकुट, डोळे उघडे. एका हातात तराजू तसाच, दुसऱ्या हातातली तलवार गेली आणि राज्यघटना आली. त्यावर बरीच वादावादी झाली. वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांना पट्टीचा पाचशे वर्षांचा प्रवास ठाऊक होता कोण जाणे, पण एक बरं झालं, लोक मूर्तीच्या हाताकडे बघायला लागले.

भारतमातेचंही असंच. अवनींद्रनाथ टागोरांनी 1905 साली, बंगालच्या फाळणीच्या धामधुमीत, चार हातांची एक भगव्या वस्त्रातली तरुणी रंगवली. चार हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरं वस्त्र आणि जपमाळ. शिक्षण, अन्न, वस्त्र, दीक्षा. एकही शस्त्र नाही, सिंह नाही, नकाशा नाही. चित्राचं आधीचं नाव बंगमाता होतं असं सांगतात, म्हणजे प्रांताची आई पुढे देशाची झाली. नंतरच्या कॅलेंडरांवर तिच्या हातात काय काय आलं ते तुम्ही पाहिलेलंच आहे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून हातांचा रकाना भरून बघा, वेगळं भाष्य करावं लागणार नाही. आणि वाराणसीला 1936 साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या भारतमाता मंदिरात तर मूर्तीच नाही. गाभाऱ्याच्या जागी अखंड हिंदुस्थानचा संगमरवरी उठावाचा नकाशा आहे. माणसाचं रूप द्यायचंच नाही, हाही एक निर्णय असतो.

आता एक फेरी मारा

मुंबईत असाल तर रविवारी सकाळी आठच्या आत निघा. सोबत वही, पाणी आणि शक्य असेल तर दुर्बीण. फोनच्या झूमने घुमटावरचं नीट दिसत नाही, नुसते ठिपके होतात. सीएसएमटीपासून सुरू करा. प्रगती बघून झाली की दर्शनी त्रिकोणांवरची अभियांत्रिकी, शेती, व्यापार वगैरे शोधा. फाटकावरचा सिंह आणि वाघ विसरू नका, ब्रिटन आणि हिंदुस्थान, दोघंही बसलेले. मग रस्त्यापलीकडची पंखवाली मुंबई.

तिथून चालत फ्लोरा फाउंटन. फ्लोरा ही फुलांची रोमन देवी. कारंजं 1864चं, आणि ते मुळात भायखळ्याच्या बागेसाठी केलेलं. ही कल्पना की देवी? पहिल्या पायरीची कसोटी लावा आणि स्वतः ठरवा. शेजारीच हुतात्म्यांची मशाल आहे.

पुढे ओव्हल मैदानाच्या बाजूने उच्च न्यायालयाकडे तोंड करून उभे राहा. 1878 साली पुरी झालेल्या या इमारतीच्या मनोऱ्यांवर न्याय आणि दया अशा दोघी आहेत. दोघी एकत्र का, एकटा न्याय का पुरला नाही, याचा विचार तिथे उभ्या उभ्याच करा. पट्टी आहे का, तेही दुर्बिणीतून तुम्हीच बघा. आत एका खांबावर एक डोळा झाकलेलं माकड तराजू धरून बसलेलं कोरलं आहे. दंतकथा अशी की, दावा हरलेल्या एका पारशी कंत्राटदाराने ते मुद्दाम कोरवलं. खरं असो-नसो, खुणांची भाषा आली की तिच्यात टोमणाही मारता येतो, याचा हा पुरावा. शेवटी चर्चगेटला पश्चिम रेल्वेच्या जुन्या कचेरीच्या माथ्यावर 'अभियांत्रिकी' उभी आहे, हातात छोटं रेल्वे इंजिन घेऊन. भाचीला ती सगळ्यांत आवडली. खेळणं घेतल्यासारखं धरलंय म्हणाली.

मुंबईबाहेर असाल तरी अडत नाही. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात बुद्धावर चाल करून आलेला, मोहात पाडणारा मार आणि त्याच्या मुली आहेत; पाली परंपरेत त्यांची नावं तण्हा, अरती आणि रागा, म्हणजे तृष्णा, असमाधान आणि आसक्ती. वेरूळच्या कैलासात मकर आणि कासव शोधा म्हणजे गंगा आणि यमुना सापडतील. आणि कुठेच जाता येत नसेल तर एकनाथांची भारुडं घ्या. विंचू चावला म्हणून जो ओरडतो त्याला काम आणि क्रोध चावलेले असतात. मानवीकरण माणसातच झालं पाहिजे असं नाही, विंचवातही भागतं.

घरबसल्या सरावासाठी मी भाचीला दिलेला धडा तुम्हालाही देतो. महाभारताच्या शांतिपर्वात मृत्यूची गोष्ट आहे. मराठीत मृत्यू पुल्लिंगी, चित्रात तो रेड्यावर बसलेला यम. युरोपात हाडांचा सापळा, हातात कोयता. इथे मात्र ती बाई आहे. ब्रह्मदेवाने जन्माला घातलेली, लाल वस्त्रं नेसलेली. पृथ्वीवर गर्दी झाली आहे, जा आणि माणसं मार, असं बाप सांगतो. ती नाही म्हणते. पोरांना, तरुणांना, आईबापांना मी कशी मारू, त्यांच्या माणसांची आसवं मला जाळतील, म्हणते. काम टाळण्यासाठी ती तप करते, युगानुयुगं एका पायावर उभी राहते. ब्रह्मदेव ऐकत नाही. शेवटी ती रडते, तिची आसवं ओंजळीत धरली जातात, आणि ब्रह्मदेव म्हणतो, याच आसवांचे रोग होतील, वेळ आली की तेच माणसांना नेतील. तुला पाप लागणार नाही.

सहाही रकाने भरायला भाचीला अर्धा तास लागला. लिंग: बाई, पण मराठीत बाप्या. नातं: ब्रह्मदेवाची मुलगी. पायाशी: एकच पाय टेकलेला. 'हातात'पाशी ती अडली, पेन्सिल चावत बसली, मग तिने लिहिलं: आसवं.